लगून तापल्यावर प्लवक कमी व्हायला हवं ना? माझ्या बाटल्यांत तर वाढलंय!

वेंगुर्ल्याची_शेवंड

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे आणि चूक माझीच निघण्याची शक्यता भरपूर आहे. गाईडसमोर जाण्याआधी इथे विचारते, म्हणजे लाज गेली तर टोपणनावाची जाईल.

लक्षद्वीपमधल्या कवरत्ती बेटाच्या लगूनमधल्या प्राणी प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर) माझं काम चालू आहे. (शाळेच्या भूगोलात लगूनला ‘खाजण’ म्हणायचे. आमच्याकडे खाजण म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्याकडून हिसकावलेली शेतजमीन, त्यामुळे मी लगूनच लिहिणार.) दोन फेऱ्या झाल्या. पहिली फेब्रुवारी 2023 मध्ये, दुसरी एप्रिल 2024 च्या शेवटच्या आठवड्यात. मधल्या काळात काय झालं ते बऱ्याच जणांनी वाचलं असेल. 27 ऑक्टोबर 2023 पासून लक्षद्वीपच्या समुद्रात उष्णतेची लाट आहे असं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सांगितलं होतं, आणि एप्रिल 2024 मध्ये तर जगभरातले प्रवाळ पांढरे पडत असल्याची घोषणाच झाली.

मी ते डोळ्यांनी बघितलं. फेब्रुवारीत जिथे तपकिरी-हिरव्या शिंगांच्या प्रवाळाचं रान होतं, तिथे एप्रिलमध्ये सगळं तांदळाच्या पिठात घोळवून ठेवल्यासारखं. दुपारी दोन वाजता कमरेएवढ्या पाण्यात थर्मामीटर बुडवला तर 33 अंश. पाण्यात उतरल्यावर गार वाटलंच नाही.

आता प्रश्न. मी वाचलं होतं की समुद्र तापला की वरचं गरम पाणी झाकणासारखं बसतं, खालची पोषक द्रव्यं वर येत नाहीत, वनस्पती प्लवक घटतात आणि त्यांच्यावर जगणारे प्राणी प्लवकही घटतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा 2016 चा निबंध आहे, त्यात पश्चिम हिंदी महासागरातले वनस्पती प्लवक सहा दशकांत 20 टक्क्यांपर्यंत घटल्याचं दाखवलंय. म्हणून एप्रिलमध्ये माझी मोजणी खाली येईल असं मी धरून चालले होते.

आली दीडपट! दर घनमीटरला फेब्रुवारीच्या जवळपास दीडपट जीव. तीनदा मोजलं. गंमत म्हणजे बाटलीच्या तळाशी बसलेला थर बघितला तर एप्रिलचा थर फेब्रुवारीपेक्षा पातळ दिसतो. मग जास्त काय आहे आणि कमी काय?

आणखी एक. एप्रिलमध्ये दोन दिवस पाण्यावर सुतारकामाच्या भुशासारखे तपकिरी पट्टे होते. जाळ्यात ते भरपूर आले. त्यांचा याच्याशी काही संबंध आहे का?

---

काचपट्टी

मी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत बसून दुसऱ्यांनी आणलेलं प्लवक मोजलं, स्वतः बोटीवर फार कमी वेळा गेलो. त्यामुळे समुद्राबद्दल मला थोडं कळतं, बाटल्यांबद्दल बरंच.

आधी उत्तरं दे. दोन्ही वेळेला जाळं तेच होतं का? आस (जाळीचं भोक) किती मायक्रॉनचा? जाळ्याची ओढ दिवसाच्या कुठल्या वेळी घेतली? जाळ्याच्या तोंडाशी प्रवाहमापक (किती पाणी आत गेलं ते फेऱ्यांत मोजणारा) होता का, आणि त्याचे आकडे प्रत्येक ओढीला लिहिलेस की पहिल्या ओढीचा आकडा सगळ्यांना चिकटवलास? राग मानू नकोस. तसं करणारे मोठमोठे लोक मी पाहिलेत.

---

वेंगुर्ल्याची_शेवंड

वेळ दोन्हीकडे सकाळी नऊच्या सुमारास. प्रवाहमापक होता, आकडे प्रत्येक ओढीचे आहेत (शप्पथ).

जाळं... फेब्रुवारीचं 200 मायक्रॉनचं होतं. एप्रिलमध्ये पहिल्याच दिवशी ते प्रवाळाच्या खडकाला अडकून फाटलं. म्हणून दुसऱ्या गटाचं उसनं घेतलं. ते 100 चं होतं. हे लिहिता लिहिताच मला घाम फुटलाय.

---

काचपट्टी

अगो, सापडला चोर. गेल्या वर्षी गव्हाची चाळण, यंदा पिठाची चाळण, आणि वर राहिलेले दाणे मोजून म्हणायचं यंदा पीक जास्त! ऑइथोना नावाचे बारके कोपेपॉड (कोळंबीचे सूक्ष्म नातलग) आणि सगळ्या कोपेपॉडांची नॉप्लियस पिल्लं 200 च्या आसातून बिनदिक्कत निसटतात. 100 च्या आसात त्यातली बरीच अडकतात. आकडा फुगायला तेवढं पुरतं.

पण एवढ्यावर फाईल बंद करू नकोस, कारण तुझ्याच प्रश्नात एक ओळ अशी आहे जी जाळ्याने समजावता येत नाही. तळाचा थर पातळ. बारीक जाळ्यात मोठ्या जाळ्याचं सगळं यायला हवं, वर बारीकसारीकही यायला हवं. म्हणजे थर जाड व्हायला हवा होता. तो पातळ झाला, तर मोठे जीव खरोखरच घटले असावेत. एक पळवाट उरते. त्या भुशाने बारीक जाळं तुंबलं असेल तर पाणी आत शिरण्याऐवजी बाजूने गेलं असेल. प्रवाहमापकाचे एप्रिलचे आकडे बघ. ओढ तेवढीच लांब असून फेरे फार कमी पडलेले असतील, तर जाळं तुंबलं असं धर.

आता उपाय. 200 मायक्रॉनचं कापड प्लास्टिकच्या पाइपाच्या तुकड्यावर ताणून बांध. एप्रिलचा नमुना त्यावर हळू ओत, गाळलेल्या समुद्राच्या पाण्याने धू. वर राहील ते वेगळं मोज, खाली पडेल ते वेगळं. समुद्रात ओढताना पाण्याच्या दाबाने मऊ जीव आसातून दाबून निघतात, टेबलावर तसं होत नाही, त्यामुळे तुलना तंतोतंत नसेल. पण दिशा कळेल.

मग आयपीसमध्ये मोजपट्टी बसव आणि एकाच जातीच्या कोपेपॉडाच्या, अकार्शियाच म्हण, पूर्ण वाढलेल्या तीस-तीस माद्यांची लांबी मोज. हे कंटाळवाणं काम आहे. माझी बायको म्हणायची, तुम्ही घरी आलात की फॉर्मलिनचा वास आधी येतो आणि तुम्ही मागून. पण खरी बातमी लांबीत असते. गरम पाण्यात कोपेपॉड लवकर वयात येतो आणि लहान आकारातच येतो. अंड्यापासून प्रौढ होईपर्यंतचे दिवस कमी होतात, पिढ्या भराभर होतात, डोकी वाढतात आणि प्रत्येक डोकं बारकं. शिवाय गरम पाण्यात श्वासावरच जास्त खर्च होतो, अंगाला लागायला कमी उरतं. त्यामुळे आकडा वाढणं आणि अन्न घटणं एकाच बाटलीत सुखाने नांदू शकतं.

तू वाचलेल्या झाकणाबद्दल. ती खोल समुद्राची गोष्ट आहे. तुझं लगून बहुतेक ठिकाणी दोन-तीन मीटर, वारा सुटला की तळापर्यंत ढवळून निघतं. तिथे कसलं झाकण बसणार! झाकण बसतं ते बाहेर, खडकाच्या पलीकडे. लाटा खडकावरून जे पाणी आत टाकतात तेच आधी पोषणाने गरीब झालेलं असतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि एप्रिलमध्ये समुद्र शांत, लाटा लहान, त्यामुळे आत आलेलं पाणी जास्त वेळ तिथेच उन्हात पडून राहतं.

अशा पोषणाने कंगाल पाण्यात डायटमांचं (मोठ्या पेशींच्या वनस्पती प्लवकांचं) जमत नाही. त्यांना नायट्रेट हवं, सिलिकेट हवं. जमतं ते सायनेकोकॉकस, प्रोक्लोरोकॉकससारख्या मायक्रॉनभर किंवा त्याहून बारक्या पेशींचं. कोपेपॉडाला इतकं बारीक पकडताच येत नाही. आधी ते कशाधारी एकपेशीय खाणार, त्यांना सिलिएट नावाचे मोठे एकपेशीय खाणार, मग कोपेपॉडाच्या तोंडी. ढोबळ हिशेबाने दर पायरीला दहातला एक हिस्सा पुढे जातो. दोन पायऱ्या वाढल्या की शंभरातला एक. पंगत लांबली आणि वाढपी वाटेतच खात सुटले असा प्रकार.

भुशाबद्दल: तो जवळपास नक्की ट्रायकोडेस्मियम, काड्या-काड्यांचा एक निळा-हिरवा जीवाणू. गरम, संथ, नायट्रेट नसलेलं पाणी त्याला मानवतं, कारण हवेतला विरघळलेला नायट्रोजन तो स्वतःच बांधून घेतो. 1770 मध्ये कुकच्या जहाजावरच्या खलाशांनी त्याला ‘समुद्राचा भुसा’च म्हटलं होतं, म्हणजे तू एकटी नाहीस. फार थोडे प्राणी तो खातात. बाटलीत मॅक्रोसेटेला नावाचा कोपेपॉड शोध. सुईसारखा बारीक, शेपटीचे केस अंगाएवढे लांब. तो त्या काड्यांवर बसतो, त्याच खातो, पिल्लंही तिथेच वाढवतो. दिसला तर मला कळव. बऱ्याच वर्षांत पाहिला नाही.

एक गोष्ट तुझ्या बाजूची. गोव्यातल्या मांडवी-झुआरी नद्यांच्या नमुन्यांत तापमानाचा परिणाम वेगळा काढणं म्हणजे जत्रेत हरवलेलं पोर शोधणं. जूनचा पहिला पाऊस पडला की खारटपणा कोसळतो आणि आठवड्यात सगळी वस्तीच बदलते. ओडिशातल्या चिलिका सरोवराचंही तेच, तिथे खारटपणा राज्य करतो. कवरत्तीत नदी नाही, ओढासुद्धा नाही. तापमानाचा परिणाम दिसायचा तर अशाच जागी दिसेल.

---

माजी_कवरत्तीकर

मी शास्त्रज्ञ नाही. बँकेच्या बदलीने तीन वर्षं कवरत्तीत काढली. पण काचपट्टीकाका ‘मोठे जीव घटले’ म्हणतात त्याचा बोटीवर काय अर्थ होतो ते सांगू शकतो.

लक्षद्वीपची कुप्याची मासेमारी गळ-काठीने होते. ही मूळची मिनिकॉयची पद्धत, 1960 नंतर सरकारी खात्याने बाकीच्या बेटांवर पसरवली. कुपा म्हणजे तिथे प्रामुख्याने स्किपजॅक ट्यूना. पण त्याला बोटीजवळ आणायला जिवंत आमिष लागतं. ते आमिष म्हणजे बोटभर लांबीचे चंदेरी मासे. तिथे त्यांना सरसकट ‘चाला’ म्हणायचे. पहाटे लगूनमध्ये जाळं पसरायचं, चारा टाकून चाला वर आणायचा, जाळं उचलायचं, आणि बोटीच्या पोटातल्या टाकीत जिवंत ठेवायचा. टाकीच्या तळाला भोकं असतात, समुद्राचं पाणी खेळतं राहतं. बाहेर कुप्याचा थवा दिसला की ओंजळ-ओंजळ चाला फेकायचा, वरून पाण्याचे फवारे मारायचे, आणि कुपा वेडा होऊन वर आला की धडाधड काठ्या.

तर शेवंडताई, हा चाला लगूनमध्ये काय खातो? तुमच्या बाटलीतलं. त्यामुळे तुमचा पातळ थर वाचून मला सरळ माझ्या घरमालकाची बोट आठवली. काही सकाळी आमिषासाठीच दोन-दोन तास फिरायचे. डिझेल जळायचं, ऊन वर यायचं, आणि मिळालेला चाला इतका बारका असायचा की टाकीतच मरायचा. त्या दिवशी घरमालक घरी येऊन कोणाशी बोलायचा नाही. जमीन सगळी मिळून जेमतेम 32 चौरस किलोमीटर आणि लगूनं सुमारे 4,200. तिथल्या माणसाचं शेत कुठलं ते यावरून समजा.

पण सगळं उष्णतेच्या माथी मारू नका. अगत्तीच्या लगूनमध्ये हिरव्या कासवांनी समुद्री गवताचं कुरण पार चरून टाकलं, मग कासवं पुढच्या बेटांकडे सरकली. कोळी कासवांवर जाम चिडलेले असायचे. गवत गेलं की त्यातल्या पिल्लांचा आडोसा गेला. चाला कमी का, याला तिथे जो तो आपापलं कारण सांगतो.

जाता जाता एक. कवरत्तीत 2005 पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प आहे. तो वरचं गरम पाणी आणि सुमारे 350 मीटर खोलीवरचं गार पाणी यांच्या तापमानातल्या फरकावर चालतो. तीन वर्षं तेच पाणी प्यालो. काकांनी ‘आडात नाही’ म्हटल्यावर वाटलं, आडात आहे हो, फक्त साडेतीनशे मीटर खाली आहे आणि दोर तेवढा लांब नाही.

---

पाषाणचा_ढग

विरजण घालतो, माफी असावी.

जाळ्याचा घोळ सुटला तरी फेब्रुवारी आणि एप्रिल हे दोन वेगळे ऋतू आहेत. मार्च ते मे अरबी समुद्र दरवर्षीच तापतो, दरवर्षीच शांत होतो आणि ट्रायकोडेस्मियम लाट नसतानाही येतो. सागरी उष्णतेची लाट म्हणायची तर त्या जागी, त्या तारखेला नेहमी असणाऱ्या तापमानांच्या 90 व्या शतमानापेक्षा (शंभरातल्या नव्वद वेळांपेक्षा) वर, सलग निदान पाच दिवस. मुद्दा ‘त्या तारखेला’ हा आहे. एप्रिलची तुलना एप्रिलशीच हवी. तुझ्याकडे आहे ते ‘हिवाळा आणि उन्हाळा’, ‘लाटेआधी आणि लाटेत’ नव्हे.

दुसरं, दुपारी दोनचे 33 अंश निबंधात एकटे टाकू नकोस. उथळ पाणी दुपारी तापतं आणि पहाटे निवतं. प्रवाळासाठी साठत गेलेली उष्णता बघतात: नेहमीच्या सर्वांत गरम महिन्यापेक्षा किती अंश वर आणि किती आठवडे. हा गुणाकार 4 च्या पुढे गेला की पांढरे पडण्याची धास्ती, 8 च्या पुढे मरण्याची. तो उपग्रहाच्या 5 किलोमीटरच्या चौकटीतून येतो. कवरत्तीचं अख्खं लगून त्या एका चौकटीत मावून जागा उरेल. म्हणजे त्यात बाहेरचा समुद्रच जास्त दिसतो.

आणि उपग्रहाने मोजलेलं हरितद्रव्य (वनस्पती प्लवकाचा अंदाज) लगूनसाठी अजिबात वापरू नकोस. उथळ स्वच्छ पाण्यात खालची पांढरी वाळू चमकते आणि आकडे भलतेच येतात. पांढरे पडलेले प्रवाळ त्यात आणखी भर घालतात. मी स्वतः असा एक सुंदर नकाशा काढून सभेत दाखवलाय आणि एका बाईंनी शांतपणे विचारलं होतं, ‘ही वाळू आहे का?’ वाळूच होती.

जुन्या एप्रिलच्या बाटल्या कुठे मिळतात का बघ. मात्र ‘नेहमीचं’ वर्ष शोधताना जपून. 1998, 2010, 2016 या तिन्ही वर्षी लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडलेत. अगत्ती, कदमत, कवरत्तीचं जिवंत प्रवाळ 1998 मधल्या सुमारे 37 टक्क्यांवरून 2022 पर्यंत 19 वर आलं. पश्चिम हिंदी महासागरात अशा लाटा दर दशकाला सुमारे दीडने वाढतायत. जुनी बाटली कुठलीही उघड, ती कुठल्या ना कुठल्या लाटेनंतरचीच निघेल.

प्रवाळ गेल्याने प्लवकावर उलटसुलट परिणाम होतात, त्यावरही एक परिच्छेद हवा. बरेच प्राणी प्लवक दिवसा खडकाच्या फटीत दडतात आणि रात्री वर येतात. खडक ढासळला की त्यांची घरं गेली. दुसरीकडे प्रवाळ स्वतः रात्री प्लवक खातो. हवाईतल्या एका जातीने पांढरं पडल्यावर उलट जास्त खाल्लं आणि त्यावर तगली, असं 2006 मध्ये प्रसिद्ध झालं होतं. प्रवाळ मेला की लाखो तोंडं बंद. यातलं कुठलं पारडं जड, ते सकाळी नऊच्या ओढीत दिसणार नाही. पुढच्या वेळी रात्रीची ओढही घे.

---

वेंगुर्ल्याची_शेवंड

तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे आभार, विशेषतः विरजणाचे.

एप्रिलचे सगळे नमुने 200 च्या कापडातून गाळले. वर राहिलेले जीव फेब्रुवारीपेक्षा कमी निघाले, चांगलेच कमी. खाली पडलेल्यांत ऑइथोना आणि नॉप्लियस यांचीच झुंबड. म्हणजे माझी ‘दीडपट’ वाढ होती ती सगळी आसाच्या फरकात. प्रवाहमापकाचे फेरे पाहिले. भुशाच्या दोन दिवसांचे फारच कमी आहेत, ते दोन्ही दिवस मी बाजूला काढले. बाकीच्या दिवसांचे फेरे ठीक आहेत आणि थर तरीही पातळच.

अकार्शियाच्या माद्या मोजल्या. एप्रिलच्या लहान आहेत. पण ढगदादा, मला माहितीये तुम्ही काय म्हणणार: एप्रिल आहे.

तर एप्रिलचं असं. गाईडना सगळं सांगितलं. जाळ्याचं ऐकून ते काही क्षण खिडकीबाहेर बघत बसले, मग उठून मागच्या खोलीतलं कपाट उघडलं. तिथे एका जुन्या विद्यार्थ्याच्या एप्रिल 2018 च्या पाच बाटल्या निघाल्या. कवरत्ती, तेच लगून, आस 200, सकाळची ओढ, आतल्या ट्रेसिंग कागदावर पेन्सिलीने सगळं लिहिलेलं. 2016 नंतर दोनच वर्षांनी म्हणजे तुमच्या भाषेत नेहमीचं वर्ष नाहीच, पण लाट चालू नव्हती. तीन बाटल्या ठणठणीत आहेत. दोन वाळून गेल्यात, तळाला खपली.

ठणठणीतपैकी पहिली काल मोजून झाली. त्यातल्या अकार्शिया माद्या 2024 च्या एप्रिलपेक्षा मोठ्या आहेत, फेब्रुवारीच्या जवळ जाणाऱ्या. एकाच बाटलीवरून काही बोलणार नाही. दोन बाकी आहेत.

काका, मॅक्रोसेटेला सापडला. भुशाच्या दिवसाच्या बाटलीत, चार. एकाला काडी अजून चिकटलेली आहे. फोटो उद्या टाकते, आमच्या सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा कोणीतरी नेलाय.

---

काचपट्टी

चार! फोटो टाकच.

वाळलेल्या दोन बाटल्या फेकू नकोस. ट्रायसोडियम फॉस्फेटचं अगदी सौम्य द्रावण घाल आणि रात्रभर तशीच ठेव, हलवू नकोस. कोपेपॉड पुष्कळदा परत फुगून ओळखण्याजोगे होतात. लांबी मात्र त्यांची धरू नकोस, फक्त जात बघ. आणि उरलेल्या तिन्हींच्या झाकणांना आजच मेण लाव.